अडलेली पावती बरी

ज्या संघांचे हिशेब सेल्सफोर्ससारख्या भाड्याच्या संगणकव्यवस्थेवर राहतात, तेथे बाहेरची माहिती बहुधा ‘जेसन’ नावाच्या मजकुरात येते. प्रत्येक नावापुढे त्याचे मूल्य, जशी वजनकाट्याची पावती. ती ‘एपेक्स’ भाषेत आधी आखलेल्या रकान्यांत उतरवावी लागते. त्यासाठी ‘डीसीरियलाइझ’ ही साधी आज्ञा सर्रास वापरतात, आणि येथेच आमचा आक्षेप आहे. रकाना ‘वजन’ असून पावतीत ‘निव्वळवजन’ आले, तर ही आज्ञा ते नाव मुकाट्याने गाळते व रकाना रिकामा ठेवते. असली सोय काय कामाची? आपले क्विंटल कोठे गेले, हे शेतकऱ्यास पट्टी हाती पडेपर्यंत कळावयाचे नाही.

‘डीसीरियलाइझ-स्ट्रिक्ट’ ही तिची कडक बहीण मात्र अनोळखी नाव दिसताच काम थांबवून चूक दाखविते. पाठविणाऱ्याने एखादे निरुपद्रवी नाव वाढविले तरी ती अडते, हे खरे. प्रोग्राम लिहिणारे तिला कंटाळतात ते यामुळेच. शिवाय पावतीत जे नाव मुळी आलेच नाही, त्याची दाद तीही घेत नाही. रिकामे रकाने निराळे तपासावेच लागतात. तथापि जेथे मापाचा व पैशाचा संबंध आहे, तेथे संघाच्या चालकांनी ही कडक आज्ञाच मागून घ्यावी, आणि अडलेली पावती त्याच दिवशी पाहण्यास माणूस नेमावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.