मत कोणाचें, श्रम कोणाचे?

भांडवलशाहीस पर्याय काय, हा प्रश्न निघाला कीं आमचे विद्वान मार्क्सचे ग्रंथ उघडतात. आम्ही त्यांस करवीर तालुक्यांतील गडमुडशिंगीस जाण्याची विनंती करूं. तेथील महालक्ष्मी पशुखाद्याचा कारखाना कोणा शेटजीचा नव्हे. १९६३ सालीं स्थापन झालेल्या 'गोकुळ' या जिल्हा दूध संघाचा, म्हणजे गांवोगांवच्या दूध संस्थांचा आहे. १९६० च्या सहकारी कायद्यान्वयें सभासदाचे शेअर दहा असोत वा हजार, त्यास मत एकच. कंपनींत याच्या उलट चालतें, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच.

परंतु सभासद कोण? वैरण कापून, धार काढून म्हैस सांभाळते ती घरधनीण. संस्थेच्या वहींत नांव बहुधा घरधन्याचें. साखर कारखान्यांत तर याहून विपरीत. शेअर ऊसवाल्या बागाइतदाराचा. कोयता मात्र मुकादमाच्या उचलीनें बांधलेल्या, बीडकडून आलेल्या तोडकऱ्याचा. त्यास मत कोठेंच नाहीं. तोडकरी हंगामी आहे, असा आक्षेप येईल; मग ऊस तरी बारमाही गाळला जातो काय? धार काढणारीचें नांव वहींत चढावें, तोडकऱ्यास कारखान्याच्या सभेंत बसण्याचा हक्क मिळावा, ही मागणी येत्या वार्षिक सभेंत सभासदांनींच मांडावी.