अमरत्व नको, न्याय द्या

व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ नुकताच माळेगाव बुद्रुक येथे काही तरुण कार्यकर्त्यांसमवेत पुन्हा पाहिला. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर नेऊन जेलर आदिनाथ त्यांच्याकडून ओसाड माळ पिकवून घेतो आणि अखेर त्या पिकासाठी प्राण देतो. चित्रपट संपला तेव्हा अनेकांचे डोळे ओलावले होते. ‘असा माणूस मरत नसतो,’ असे एकजण म्हणाला. मी विचारले, ‘पण त्याला मारले कोणी?’

कैदी आपला भाजीपाला स्वस्तात विकू लागतात, तेव्हा बाजार मुठीत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची माणसे त्यांना झोडपतात आणि पुढे पिकावर बैल सोडले जातात. त्यांच्याशी झुंजताना आदिनाथ मरतो. भाव ठरविणाऱ्याची सत्ता काय असते, हे आमच्या ऊसकऱ्याला सांगावयास नको. सहा कैद्यांचा निवाडा कोर्टाने केला. त्या व्यापाऱ्याचा निवाडा कोणी करावयाचा? जेथे न्याय मागावयाचा, तेथे चित्रपट अमरत्व बहाल करून मोकळा होतो.

ही आपलीही सवय आहे. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात कोठडीतच वारले. जामिनाचा प्रश्न उच्च न्यायालयात पडून होता. खटल्याची सुनावणी सुरूही झाली नव्हती. आपण शोकसभा घेतल्या, त्यांना हुतात्मा म्हटले. परंतु २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतील तीन. त्यांची शोकसभा कोण घेणार?

हृदयपरिवर्तनाचे मोल मी नाकारीत नाही. परंतु या कथेचे मूळ पाहावे. औंधच्या राजाने १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. त्याच काळात आटपाडीजवळ मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत उभी राहिली. राजा गेला, फ्रीडमन गेले, संस्थान विलीन झाले, वसाहत राहिली. अमरत्व म्हणावयाचे तर ते हे. एका संताच्या नजरेवर नव्हे, तर लोकांनी उभारलेल्या व्यवस्थेवर ते टिकते.

आज कायद्याने थोडी वाट दिली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, काही अपवाद सोडता, कमाल शिक्षेचा अर्धा काळ आणि पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीने एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर सुटकेसाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंग अधीक्षकाचे आहे. म्हणजे जेलरच्या भलेपणाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. असे अर्ज किती झाले, हे प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी विचारावे. ज्याला जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, त्याच्यासाठी आपण उभे राहावे. आदिनाथाचे डोळे आकाशात शोधण्यापेक्षा आपले डोळे तुरुंगाच्या नोंदवहीवर ठेवणे, हीच त्याला खरी श्रद्धांजली होय.