तबलजी बनारसला, नाचणारी पुण्यात

पंडित जसराजांनी बनारसच्या संकटमोचन हनुमानापुढची शेवटची हजेरी एप्रिल 2020 मध्ये लावली, तीही न्यू जर्सीहून, फेसबुकवरून. ऑगस्टमध्ये ते गेले. त्याच एप्रिलमध्ये संकटमोचन संगीत समारोहाचं 97वं पर्व पहिल्यांदाच ऑनलाइन झालं. रात्रभर चालणारा, तिकीट नसलेला, कलाकार मानधनाची अपेक्षा न ठेवता येतात असा हा समारोह त्या वर्षी ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात भरला. पुढच्या वर्षीही तसाच. 2022 साली मंदिराचं अंगण पुन्हा भरलं, ‘हर हर महादेव’चा गजर झाला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मी पुण्यात कथक शिकवते. त्या दोन वर्षांबद्दल आमच्या क्षेत्रात जे बोललं गेलं ते बहुतेक रसिकांविषयी होतं. समोर माणसं नाहीत, दाद नाही, मग रंग कसा भरणार? मला हे रडगाणं तेव्हाही पटलं नव्हतं. रिकाम्या खुर्च्यांपुढे नाचायची सवय आम्हाला करोनाच्या आधीपासून आहे. खरी गोची तबलजीची होती. गाणारा यंत्रातला तानपुरा लावून निभावून नेतो. नाचणारीसमोर तबलजी नसेल तर अर्धं कथक गळून पडतं.

साधा हिशेब मांडते. द्रुत तीनतालात मिनिटाला 300 मात्रा धरल्या तर एका मात्रेला 200 मिलिसेकंद मिळतात. नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला तेवढा वेळ सहज लागतो. म्हणजे तबलजीची सम माझ्या कानी येते तेव्हा माझी एक मात्रा पुढे गेलेली, आणि त्या समेवर टाकलेला माझा पाय त्याला ऐकू येतो तेव्हा त्याच्या दोन मात्रा गेलेल्या. मग दोघं एकमेकांसाठी थांबायला लागतात आणि लय खाली बसत जाते. सवाल-जवाब तर सोडाच, साधी तिहाई एकत्र उतरत नाही. एकत्र वाजवायचं तर साधारण 25-30 मिलिसेकंदांच्या आतच जमतं. रंगमंचावर दहा मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज हवेतून यायला तेवढाच वेळ लागतो.

म्हणून ऑनलाइन समारोहांत बहुतेकींनी काय केलं? आधी ध्वनिमुद्रित केलेल्या लेहऱ्यावर, म्हणजे ताल धरून फिरत राहणाऱ्या सुरावटीवर, नाचल्या. मीही वर्ग असेच घेतले. सगळ्या मुलींचे माइक बंद, प्रत्येकीच्या फोनवर लेहरा, आणि मी पडद्यावर उशिरा पोचणारे पाय बघत सम बरोबर आली का याचा अंदाज बांधत बसलेली. त्यात कॉलच्या ॲपने माझ्या विद्यार्थिनींची घुंगरं गोंगाट समजून गाळून टाकली. तत्कार दिसतो आहे, ऐकू काहीच येत नाही. ते शुद्धीकरण बंद करायचं बटण सापडेपर्यंत मी मुलींना जोरात पाय आपटायला सांगत होते, आणि खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून वर येत होते.

समारोह अंगणात परतला तसा हा प्रश्न सगळ्यांनी विसरून टाकला. उरला तो कॅमेरा. बनारसची मैफल घरबसल्या बघा, बस्स! बघायला माझी ना नाही. पण बनारसमधल्या कबीरचौऱ्याच्या गल्लीतला तबलजी लातूरच्या मुलीला साथीला मिळाला तर काय होईल, याचा विचार कोणी करत नाही. ही मुलगी आज ॲपवरच्या लेहऱ्यावर रियाज करते. तो लेहरा कधी चिडत नाही, कधी तिला अडवत नाही, तिची उपज ऐकून हसत नाही. ती मात्रा मोजायला उत्तम शिकते. बनारसचा तबलजी मात्र नाचणारीला मधेच कोंडीत पकडतो आणि सुटायला वाव ठेवतो. हे अनेक संध्याकाळी एकत्र रियाज करूनच अंगात मुरतं.

आणि अशी साथ दुरून मिळणं अशक्य नाही. तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बनारस-पुणे केबलचं अंतर वळणं धरून 2,000 किलोमीटर मानलं तरी एका बाजूचे 10 मिलिसेकंद झाले. उरलेला उशीर कॅमेरा, आवाजाचं आकुंचन आणि वाटेवरच्या यंत्रांचा. इटलीत त्रिएस्तेच्या संगीत विद्यालयाने तिथल्या शैक्षणिक नेटवर्कच्या मदतीने ‘लोला’ नावाची प्रणाली केली. स्टॅनफर्डमध्ये क्रिस चेफ यांच्या कामातून ‘जॅकट्रिप’ आलं. दोन्ही नेमका हा उशीर कापण्यासाठीच. न्यू जर्सीतल्या मराठी मुलांना मात्र बनारसचा तबलजी अशा तारेवर कधीच मिळणार नाही. तिथवर 12,000 किलोमीटर होतात, नुसत्या प्रकाशालाच 60 मिलिसेकंद लागतात. तिथे निसर्गाचाच नियम आडवा येतो. उगाच आशा लावू नये.

आपल्याकडे विद्यापीठं आणि आयआयटी जोडणारं नॅशनल नॉलेज नेटवर्क आहे. बनारस हिंदू विद्यापीठात संगीत आणि नृत्य शिकवतात, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. संकटमोचनचे महंत प्रा. विश्वंभरनाथ मिश्र तर आयआयटी-बीएचयूत इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक आहेत आणि पखवाजही वाजवतात. यापेक्षा जुळलेला योग कुठे मिळणार? घाटांवर लेझर शो करायला पैसे निघतात. दोन खोल्या, चांगले माइक आणि एक सरळ तार याला त्यातला फार थोडा भाग पुरेल.

माझं मागणं मोठ्या समारोहाचं नाहीच. आठवड्यातून एक दुपार, रियाजाची. सुरुवातीला चित्र बंद ठेवा, कारण आवाजापेक्षा चित्राला वेळ जास्त लागतो. विलंबितापासून सुरू करा, दर वेळी थोडी लय वाढवा आणि कुठे मोडते ते लिहून ठेवा. घुंगरांसाठी माइक जमिनीलगत लावा. आणि पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, नाचणारीनेच करावी, म्हणजे तबलजीला तिचा श्वासही ऐकू जाईल.