‘घरगुती नाश्ता’ आणि आमचे पथ्यपत्रक

लातूर शहरात शिकवणीवर्गांच्या परिसरात सकाळी सात वाजता फेरफटका मारावा. ‘घरगुती नाश्ता मिळेल’ अशी पाटी दिसल्याशिवाय राहत नाही. ही पाटी बहुधा एखाद्या राहत्या घराच्या ओट्यावरच असते. आत मोठ्या कढईत सुशीला परतली जात असते, शेजारी भज्यांचा घाणा चाललेला असतो आणि पाठीवर दप्तर अडकवलेली मुले उभ्यानेच खात असतात. नांदेडमध्येही वसतिगृहांच्या आसपास याहून निराळे चित्र नाही. या ओट्यांविषयी वैद्यांच्या त्रैमासिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असे व्यवसायबंधूंस वाटेल. प्रयोजन एवढेच, की यांतील बरीच मुले पुढे आमच्या चिकित्सालयात किंवा आपल्या औषधी दुकानात येतात.

अम्लपित्ताची तक्रार घेऊन आलेल्या अशाच एका विद्यार्थ्यास आम्ही आमचे छापील पथ्यपत्रक दिले. ‘बाहेरचे खाणे वर्ज्य’ हे त्यातील पहिले वाक्य. खाली मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, दुधी भोपळा, गाईचे तूप. मुलाने कागद वाचला आणि नम्रपणे विचारले, “डॉक्टर, माझ्या खोलीत गॅस नाही. मला आतलं काय अन् बाहेरचं काय?” आम्हांस उत्तर सुचले नाही. महिन्याभराने तो पुन्हा आला, तेव्हा अविपत्तिकर चूर्णाची तिसरी डबी त्याच्याजवळ होती. दुकानातून त्याने ती परस्पर घेतली होती.

अविपत्तिकरात निशोत्तराचे प्रमाण किती, हे या अंकाच्या वाचकांस सांगावयास नको. रोजची भजी सोसावीत म्हणून महिनोन्‌महिने विरेचक द्रव्य घेत राहणे, यास चिकित्सा म्हणता येईल काय? चूर्णाने भागले नाही की हीच मुले सूतशेखर मागतात. पारद आणि वत्सनाभ असलेला हा कल्प चिठ्ठीवाचून हातात पडतो, तेव्हा दोष केवळ दुकानदाराचा नसतो. पाळता येणार नाही असे पथ्य लिहून आम्हीच त्या मुलास तिकडे धाडलेले असते.

आमचे मत असे आहे, की ‘घरचे’ व ‘बाहेरचे’ ही विभागणी चिकित्सकाच्या कामाची नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधीची आठ विशेषायतने सांगितली आहेत. त्यांत प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल यांचा विचार आहे. चूल कोणाच्या घरची, हा प्रश्न नाही. सुश्रुतांनी कल्पस्थानात पाकगृहाविषयी इतके बारकाईने सांगितले आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तो प्रसंग राजाच्या विषभयाचा आहे, शिकवणीच्या मुलाचा नव्हे!

सुशीलाच पाहा. मुरमुरे भिजवून पिळावयाचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतावयाचे, वर डाळव्याचे पीठ, दाण्याचा कूट व कोथिंबीर. आमच्यातील काही मंडळी मुरमुऱ्यांस सरसकट ‘लाजा’ म्हणून मोकळी होतात, ते बरोबर नाही. साळ भाजून फुटते ती लाजा. मुरमुरे उकड्या तांदळाचे. दोहोंवरील संस्कार भिन्न असल्याने लाजांचे सर्व गुण मुरमुऱ्यांच्या पदरी घालता येणार नाहीत. तरीही पोह्यांच्या मानाने सुशीला हलकी आहे. मिरची बेताची असेल, भूक लागल्यावर आणि मात्रेत घेतली, तर त्या विद्यार्थ्यास ती नाकारण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. बिघडते ते संयोगाने. मराठवाड्यात सुशीलेसोबत भजी हवीतच, आणि हरभऱ्याच्या पिठाची तळलेली भजी सकाळी सातला, रात्रीच्या जागरणानंतर, काय करतात हे आपण रोज पाहतो. निलंग्याच्या नावाने प्रसिद्ध झालेला तिखट निलंगा राईस शरद ऋतूत पित्तप्रकृतीच्या मुलाने टाळावा, हे तर उघडच आहे.

तेलाकडे मात्र अधिक लक्ष द्यावयास हवे. कुसुंभाचा स्नेह चरकांनी स्थावर स्नेहांत अहिततम मानला आहे, आणि आमच्या आजोबांच्या पिढीने घाण्यावरचे करडईचे तेल अभिमानाने खाल्ले! हा तिढा सात्म्याच्या आधारे सोडवावा लागतो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. आता करडईची शेते सोयाबीनने व्यापली आहेत. तेल कोणतेही असो, तेच पुन्हा पुन्हा तापवले जाणे हा खरा धोका आहे. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक असू नयेत, असा नियम केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. ‘घरगुती’ पाटीखालची कढई या नियमातून सुटत नाही.

इडलीस ‘दक्षिणेची’ म्हणून असात्म्य ठरवणारे सहकारीही आम्हांस भेटतात. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात उडदाच्या इडरिकेचा उल्लेख आहे. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून ते फार दूर नाही. पीठ फार आंबलेले आहे काय, एवढे विचारावे. इडलीचा प्रांत विचारू नये.

‘घरगुती’ या शब्दामागे कष्टांचा इतिहासही आहे. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांस जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. त्या कामगारांकडेही चूल नव्हती. लातूरच्या ओट्यावर पहाटे चारला उठून मुरमुरे भिजवणारी बाई त्याच परंपरेतील आहे, आणि आमच्या पथ्यपत्रकातील पहिले वाक्य तिच्या पोटावर पाय देणारे आहे.

म्हणून आम्ही पत्रक बदलले. ‘बाहेरचे वर्ज्य’ हे वाक्य काढून त्या जागी ‘सुशीला कमी तिखट, भज्यांवाचून’, ‘इडली ताज्या पिठाची, सांबार थोडे’, ‘तळण आठवड्यातून एकदा, तेही दुपारी’ असे लिहितो. औषधी दुकानांच्या मालकांस आमची विनंती आहे, की दुसरी डबी मागणाऱ्यास ‘सकाळी काय खाता?’ एवढे विचारावे आणि तिसरी डबी वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नये. विक्री थोडी घटेल, हे आम्ही जाणतो.

ज्या ओट्यावर तो विद्यार्थी खातो, तेथेही आम्ही जाऊन आलो. भज्यांचे तेल रोज बदलावे आणि तव्यावर मुगाची धिरडी करून पाहावीत, असे बाईंस सुचवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “भजे बंद केले तर पोरं शेजारच्या गल्लीत जातील, डॉक्टर. सुशीलेत काय उरतंय? उरतंय ते भज्यातच,” असे त्या म्हणाल्या. त्यावर आमच्याजवळ तोडगा नव्हता. मंगळवारी व शुक्रवारी धिरडी सुरू झाली आहेत. तेलाबाबत मात्र त्यांनी अजून होकार दिलेला नाही.