‘जंतू’ या एका शब्दाने काम भागत नाही

“डॉक्टर, जंतू मारायचे औषध द्या” ही मागणी दवाखान्यात रोज होते. ताप असो, सर्दी असो की मांडीवरचा नायटा, शब्द तोच. विषाणू, जिवाणू, बुरशी, अमीबा अशा सगळ्यांना आपण एकाच पोत्यात भरतो. पण औषध पोत्यासाठी नसते, आत कोण आहे त्यावर ते ठरते. म्हणून सजीवांचे वर्गीकरण पेशंटलाही थोडेफार ठाऊक असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुरशीचे उदाहरण घ्या. लिनियसने 1735 मध्ये सजीवांचे दोनच गट केले, प्राणी आणि वनस्पती. बुरशी हालचाल करत नाही म्हणून ती वनस्पतींत जाऊन बसली. 1969 मध्ये व्हिटेकर यांनी तिला स्वतंत्र घर दिले. शाळेत आपण पाठ केलेल्या पाच सृष्टी त्या याच. पुढे जनुके तपासली तेव्हा कळले की बुरशी वनस्पतींपेक्षा आपल्याला, म्हणजे प्राण्यांना, जवळची आहे.

ही भाऊबंदकी आपल्याला महागात पडते. जिवाणूच्या पेशीभोवती एक खास भिंत असते. आपल्या पेशींना ती नसते, त्यामुळे पेनिसिलिन तिच्यावर घाव घालते आणि आपल्या पेशी वाचतात. बुरशीची पेशी मात्र आतून बरीचशी आपल्यासारखी. तिच्या पातळ आवरणात अर्गोस्टेरॉल, आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल, एवढ्याशा फरकावर बरीचशी औषधे उभी आहेत. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या पेशंटना अ‍ॅम्फोटेरिसिन चालू असताना क्रिएटिनिन वारंवार का तपासत होते, हे आता लक्षात येईल. हे औषध बुरशीबरोबर आपल्या मूत्रपिंडालाही इजा करू शकते. आणि नायट्यावर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या का चालत नाहीत, याचेही उत्तर तेच. (स्टिरॉइड मिसळलेली मलमे तर तो आणखी पसरवतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

काही जीवांचा तर पत्ताच बदलत राहतो. ऱ्हायनोस्पोरिडियम नावाचा जीव भारतात आणि श्रीलंकेत बराच आढळतो. तळ्यात, साचलेल्या पाण्यात डुंबणाऱ्यांच्या नाकात तो शिरतो आणि तिथे लालसर, सहज रक्त येणारा कोंब वाढतो. 1900 मध्ये अर्जेंटिनात सीबर यांनी त्याचे वर्णन केले. आधी तो अमीबाच्या जातकुळीतला एकपेशीय समजला गेला, मग अनेक दशके बुरशी. 1999 च्या सुमारास जनुके पाहिली तर तो दोन्ही नव्हे! प्राणी आणि बुरशी यांच्या वाटा जिथे फुटतात, तिथल्या एका आडवाटेवरचा हा जीव. त्याचे काही नातेवाईक माशांना आजारी पाडतात. बुरशीच्या औषधांना तो फारशी दाद देत नाही. कोंब कापून त्याचे मूळ जाळणे हाच आजही मुख्य उपाय.

मग अजून न ओळखलेले जीव किती असतील? 1977 मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवले की जिवाणूंसारखेच दिसणारे, मिथेन वायू तयार करणारे काही सूक्ष्मजीव मुळात जिवाणू नाहीतच. ती आर्किया, सजीवांची तिसरी मोठी शाखा. ते तुमच्या-माझ्या आतड्यातही आहेत. 2024 मध्ये माणसाच्या तोंडातील आणि आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या माहितीत आरएनएची चिमुकली वेटोळी सापडली, त्यांना ‘ओबेलिस्क’ नाव मिळाले. ती कोणत्याही ओळखीच्या विषाणूसारखी नाहीत. ती आपले काही बिघडवतात का, हे अजून समजलेले नाही, म्हणून उगाच काळजी करू नका.

काळजी घ्यायची ती आपल्या रिपोर्टबाबत. कल्चरच्या कागदावर ‘नो ग्रोथ’ लिहिले की घरचे म्हणतात, “काही नाही निघाले.” त्याचा खरा अर्थ इतकाच, की त्या बशीतल्या खाद्यावर, तेवढ्या दिवसांत काही उगवले नाही. टीबीच्या जिवाणूला उगवायला काही आठवडे लागतात. ऱ्हायनोस्पोरिडियम तर प्रयोगशाळेत वाढवणे जमलेलेच नाही, तो सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखावा लागतो. जखम किंवा ताप हटत नसेल, तर बुरशीचे आणि टीबीचे कल्चर वेगळे लावले होते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि गावच्या तळ्यात पोहलात, गोठ्यात काम केलेत, तर तेही न विचारता सांगा.