संकेतस्थळ आधी मोबाइलवर तपासा
हिंगोली जिल्ह्यात सेनगाव किंवा औंढा नागनाथच्या शेतकऱ्याला सातबारा पाहायचा असेल, तर हाताशी बहुधा संगणक नसतो, मोबाइल असतो. म्हणून सरकारी संकेतस्थळाची आखणी लहान पडद्यापासूनच सुरू व्हावी. तंत्र जुनेच आहे: एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलू शकते, हे वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी 2010 मध्ये मांडले. 2018 चे जागतिक सुगम्यता निकषही सांगतात, की 320 सीएसएस पिक्सेल रुंदीत मजकूर वाचताना पान आडवे सरकवावे लागू नये. तक्त्यांना त्यात सूट आहे, हा आक्षेप खरा. पण सातबाऱ्यातील गट क्रमांक, नाव, क्षेत्र एकाखाली एक दाखवायला ती सूट आड येत नाही. वेगळे अ‍ॅप काढले, तर तीच माहिती दोन ठिकाणी सांभाळावी लागते. त्यापेक्षा निविदेतच स्वस्त मोबाइलवरील चाचणीची अट घालावी आणि ती पूर्ण होईपर्यंत कंत्राटदाराचे बिल काढू नये.