मांजराचा एच-इंडेक्स ११, मग मास्तरांचं काय?

दरवर्षी एक प्रेसनोट ठरलेली असते. 'जागतिक शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या महाविद्यालयातील प्राध्यापकांची निवड'. सोबत शाल-श्रीफळाचा फोटो. त्यात खरंच राबणारे प्राध्यापकही असतात, त्यांचा मान कमी करायचा नाही. पण 'निवड' या शब्दाचं काय?

यातली गाजलेली यादी म्हणजे एडी सायंटिफिक इंडेक्स. तिचे आकडे येतात गुगल स्कॉलरच्या प्रोफाइलवरून. आणि प्रोफाइल उघडतं कोण? प्राध्यापक स्वतःच.

गुगल स्कॉलर २००४ मध्ये सुरू झालं. इंटरनेटवर शोधनिबंधासारखी दिसणारी फाइल सापडली, की तिची संदर्भसूची वाचून कुणाचा उल्लेख किती वेळा झाला ते ते मोजतं. ती फाइल कुणी तज्ज्ञाने तपासली का, हे विचारत नाही. एच-इंडेक्स ११ म्हणजे किमान ११ लेख असे, की प्रत्येकाचा किमान ११ वेळा उल्लेख झालाय.

आता गंमत बघा. २०२४ मध्ये रीस रिचर्डसन आणि निक वाइझ या दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर १२ बोगस लेख टाकले आणि त्यांचा उल्लेख करणारे आणखी बोगस लेख टाकले. मांजराचे १३२ उल्लेख झाले, एच-इंडेक्स ११! त्याआधी २०१२ मध्ये स्पेनच्या ग्रानाडा विद्यापीठात संशोधकांनी मुद्दाम सहा खोट्या फाइली चढवल्या. त्यांच्या गटाचे उल्लेख ७७४ नी वाढले. दोन्ही वेळा फसवणूक करणाऱ्यांनीच ती जाहीर केली, म्हणून कळलं. जे जाहीर करत नाहीत, त्यांचं काय?

दुसरी बाजूही आहे. मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'सारख्या नियतकालिकातला एखादा लेख पिढ्यान् पिढ्या वाचला जाऊ शकतो. पण लेख आणि त्याचा उल्लेख फक्त छापील पानावर असेल, तर मशीनच्या लेखी तो शून्य. मांजराला ११ आणि मराठीच्या अभ्यासकाला भोपळा!

म्हणून गुगल स्कॉलर टाकून द्या असं नाही. ते फुकट आहे. महागडे डेटाबेस न परवडणाऱ्या कन्नड-वैजापूरच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला ते वरदानच आहे. शोधायला उत्तम, मोजायला कच्चं, एवढंच.

याचा फटका कुणाला बसतो? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या पोरांना. यूजीसीने २०१० मध्ये एपीआय गुण आणले आणि लेखांची दुकानं फोफावली. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या १००९ नियतकालिकांची पुण्याच्या अभ्यासकांनी तपासणी केली, तर ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन निघाली. २०१८ मध्ये यूजीसीने ४३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता दर्जा ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठ आणि महाविद्यालयांवरच आहे. अशा वेळी सोपा उपाय कोणता? स्क्रीनवरचा आकडा बघायचा. आणि ज्याला तो आकडा फुगवता येतो, तो पुढे जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ पासून या भागाला शिकवतंय. त्याने पुढाकार घ्यावा. मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाकडून त्याचे सर्वोत्तम तीन लेख मागवा, मराठीतलेही चालतील. विषयतज्ज्ञांनी ते खरोखर वाचावेत आणि मत लेखी द्यावं. वेळ लागेल, मान्य. पण तीस वर्षं वर्गात उभं राहणारा माणूस निवडायचाय.

आणि आम्हा पत्रकारांनीही पुढची प्रेसनोट छापण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: यादी कुणाची? नाव येण्यासाठी पैसे भरले का? आणि संशोधन नेमकं कशावर आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं असेल, तर खरी बातमी तीच आहे.

तुमच्या कॉलेजात काय चाललंय? कॉमेंटमध्ये लिहा. नाव घालून नको असेल तर इनबॉक्स आहेच.